शटरमागचा कागद

वाचकांचे प्रश्न : बदलती वस्ती, बदलती दुकाने

जुन्या वस्तीत पैसेवाले राहायला येतात, भाडी चढतात, ओळखीची दुकाने जातात आणि मागोमाग तिथली माणसेही जातात. या घडामोडीला जगभर 'जेंट्रिफिकेशन' म्हणतात. गेल्या अंकात तिच्याविषयी प्रश्न मागवले, तेव्हा इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. माझी नोकरी नगररचनेतली. तिचा मोठा भाग रस्त्यांवरच्या दुकानांच्या नोंदी ठेवण्यात आणि गाळ्यांचे भाडेकरार वाचण्यात गेला, त्यामुळे माझी उत्तरे पुन्हापुन्हा कराराकडे वळतील. पत्रलेखकांत बरेच जण भाडेकरू आहेत, म्हणून कुणाचेही नाव किंवा गाव छापलेले नाही.

प्रश्न : ताई, आमच्या रस्त्यावर वर्षानुवर्षे एक शिंपी होता, हार्डवेअरचे दुकान होते, चपला-छत्र्या दुरुस्त करणारा होता, झेरॉक्सवाला होता. दोन-तीन वर्षांत सगळे गेले. आता तिथे कॅफे, सलून, महागड्या कपड्यांची छोटी दुकाने आणि जागांची खरेदी-विक्री करून देणाऱ्यांची ऑफिसे आहेत. इतकी वर्षे काही हलले नाही, मग एकदम कसे हलले?

बदल दिसू लागतो तेव्हा त्याचे बरेचसे काम कागदावर उरकलेले असते, म्हणून तो एकदम आल्यासारखा वाटतो.

आधी मालकाच्या बाजूने पाहू. इमारत जुनी, भाडेकरू जुने, भाडे कमी. भाडे कमी म्हणून मालक डागडुजी टाळतो आणि इमारत कळकट होत गेल्यामुळे भाडेही वाढत नाही. अशी वीस-तीस वर्षे निघून जातात. दरम्यान शहर पसरते, जवळून मेट्रो जाते, कचेऱ्या येतात आणि एके काळी कडेला असलेली वस्ती मध्यवर्ती ठरते. आता त्या जागेतून प्रत्यक्ष येणारे भाडे आणि तिचा सर्वांत किफायतशीर वापर केला तर येऊ शकणारे भाडे, यांत मोठी दरी पडलेली असते. भूगोलाचे अभ्यासक नील स्मिथ यांनी १९७९ मध्ये याच दरीवर बोट ठेवले. दरी पुरेशी रुंद झाली की गुंतवणुकीचा पैसा शहराच्या जुन्या भागाकडे परत फिरतो आणि लोक त्याच्यामागून येतात, असे त्यांचे म्हणणे होते. लोकांच्या आवडीनिवडीला त्यांनी फारच कमी जागा दिली, असे मला वाटते. पण रंगरंगोटी पाहण्याआधी मालकी कुणाकडे गेली ते पाहा, हा त्यांचा आग्रह मला कामात कायम उपयोगी पडला.

त्याच्या पंधरा वर्षे आधी, १९६४ मध्ये, समाजशास्त्रज्ञ रूथ ग्लास यांनी लंडनमध्ये हेच घरांच्या बाबतीत टिपले होते. खाली दोन आणि वर दोन खोल्यांची कामगारांची साधी घरे मध्यमवर्गाच्या हाती जात होती आणि ती जात होती जुने भाडेकरार संपत तसतशी. एखाद्या भागात हे सुरू झाले की मूळचे बहुतेक कामकरी रहिवासी बाहेर पडेपर्यंत ते वेगाने चालू राहते, हेही त्यांनी तेव्हाच नोंदवले.

दुकानांच्या बाबतीत वेग आणखी जास्त असतो. बऱ्याच देशांत घराच्या भाडेकरूला कायद्याचे थोडेफार पाठबळ असते, तर दुकानदाराला करारात लिहिले असेल तेवढेच. बर्लिनमध्ये काही वस्त्यांना 'परिसर-संरक्षण' लागू आहे. तिथे घरांचे महागडे नूतनीकरण करायला परवानगी लागते, पण त्याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या दुकानाचे भाडे दोन पक्षांत ठरेल ते. वरचा रहिवासी टिकतो आणि खालचा दुकानदार जातो, हे चित्र तिथे नेहमीचे आहे.

करार संपण्याची तारीख काय करू शकते, ते स्पेनमध्ये फार स्पष्ट दिसले. १९८५ पूर्वीच्या तिथल्या दुकानांच्या करारांची मुदत आपोआप वाढत जायची आणि भाडी जुन्या पातळीवरच राहिली होती. १९९४ च्या कायद्याने त्यांना मुदत घालून दिली आणि त्यांतल्या पुष्कळ करारांची मुदत ३१ डिसेंबर २०१४ रोजी संपली. बार्सिलोना आणि माद्रिदमधली किती तरी जुनी दुकाने त्या सुमारास बंद झाली. गिऱ्हाईक त्या रात्रीत कमी झाले नव्हते. कागदाची मुदत तेवढी संपली होती.

तुमच्या रस्त्यावर बहुधा याचीच लहान आवृत्ती घडली असावी. एखादी इमारत विकली जाते. नवा मालक एकेक गाळा रिकामा होऊ देतो किंवा सगळ्यांना एकाच मुदतीचे छोटे करार देतो, आणि मग ते सगळे एकदम संपतात. तुमच्या पत्रात जागांची खरेदी-विक्री करून देणाऱ्यांची ऑफिसे आल्याचे लिहिले आहे, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. कॅफेकडे सगळ्यांचे लक्ष जाते, पण अशी ऑफिसे जिथे दाटीने दिसतात तिथे इमारतींचे हात बदलणे जोरात सुरू आहे, असे मी समजते. शक्य असेल तर नोंदणी कार्यालयात जाऊन गेल्या पाच वर्षांत तुमच्या रस्त्यावरच्या कोणत्या इमारती विकल्या गेल्या, ते पाहून या. तुमच्या प्रश्नाचे पुढचे उत्तर तिथे आहे.

प्रश्न : मी आणि माझे पती गेल्या वर्षी अशाच एका जुन्या वस्तीत भाड्याने राहायला आलो. परवडेल असे घर इथेच मिळाले. नवी दुकाने मला आवडतात. शेजारच्या आजी एकदा म्हणाल्या, "ही दुकाने तुमच्यासाठीच आली आहेत." ते मनाला लागून राहिले. आमची चूक आहे का?

परवडणारे घर शोधत आलात, यात तुमची काहीही चूक नाही. पण आजी खरे बोलल्या, आणि त्यांचे बोलणे मनाला लागले हे चांगलेच झाले.

शॅरन झुकिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम आणि विल्यम्सबर्ग भागांतल्या नव्या दुकानांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. नवे गुंतवणूकदार, नवे रहिवासी आणि वर्तमानपत्रांतले कौतुक एकमेकांच्या हाताला हात लावून रस्त्याचे रूप कसे पालटतात, हे त्यात तपशिलाने आले आहे. दुकान माल विकते, त्याबरोबरच या रस्त्यावर कुणाचे स्वागत आहे तेही सांगते. दारावर भाव लिहिलेला नसला तरी काचेतून दिसणाऱ्या मांडणीवरून आजींना कळते की हे आपल्यासाठी नाही.

याची एक उलटी बाजूही सांगायला हवी, कारण या विषयात लोक ती गाळतात. लान्स फ्रीमन आणि फ्रँक ब्राकोनी यांनी १९९० च्या दशकातल्या न्यूयॉर्कची आकडेवारी तपासून २००४ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, अशा बदलत्या वस्त्यांतल्या गरीब कुटुंबांचे घर सोडून जाण्याचे प्रमाण इतर वस्त्यांतल्या गरीब कुटुंबांपेक्षा कमी होते. पुष्कळांना हे पटत नाही. न्यूयॉर्कमध्ये बऱ्याच घरांच्या भाड्यावर नियंत्रण होते, हे लक्षात घ्यायला हवे. शिवाय सोयी सुधारल्यावर जिवाचे रान करून टिकून राहणारे लोक असतातच. वस्ती तरीही पालटते, कारण जो नेहमीच्या कारणांनी जातो त्याच्या जागी त्याच्यासारखा माणूस येऊ शकत नाही.

म्हणजे आजी तिथेच राहतील, पण त्यांचा रस्ता त्यांच्या पायाखालून जाईल. शहरांविषयी लिहिणाऱ्या जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये न्यूयॉर्कमधल्या आपल्या रस्त्याविषयी लिहिताना एक साधी गोष्ट नोंदवली होती : शेजारी आपल्या घराच्या किल्ल्या ओळखीच्या दुकानदाराकडे ठेवून जात. पैशांसाठी महिनाअखेरपर्यंत थांबणारा, म्हातारी माणसे दोन दिवस दिसली नाहीत तर चौकशी करणारा, पोरांना ओळखणारा असा दुकानदार कोणत्याही करारात लिहिलेला नसतो. तो गेला की त्याची भरपाई होत नाही, आणि तो सर्वांत जास्त लागतो तो घराबाहेर फार लांब न जाऊ शकणाऱ्यांना.

तुम्ही काय करू शकता? उरलेल्या जुन्या दुकानांत नियमाने जा. नवलाई म्हणून एकदा जाऊन काही होत नाही, त्यांना ठरलेले गिऱ्हाईक लागते. आणि दुसरी गोष्ट, जी क्वचितच कुणी सांगते : तक्रारी जपून करा. नवे रहिवासी आले की सुताराच्या यंत्राचा आवाज, पहाटे उतरणारा माल, फुटपाथवर ठेवलेल्या पाट्या यांविरुद्ध अर्ज सुरू होतात. प्रत्येक अर्ज आपापल्या जागी रास्त असतो. ते सगळे एकत्र झाले की कारागिरीची आणि दुरुस्तीची कामे त्या रस्त्यावरून उठतात. अर्ज लिहिण्याआधी त्या दुकानात जाऊन बोला. बहुतेक वेळा तेवढ्याने भागते.

प्रश्न : दुकाने येतात आणि जातात. ज्याच्याकडे गिऱ्हाईक नाही ते बंद पडणारच. त्यात एवढे हळहळण्यासारखे काय आहे?

तुमचे अर्धे म्हणणे मला मान्य आहे. दुकाने सगळीकडे बंद पडतात. मालक थकतो, मुले तो धंदा पुढे नेत नाहीत, वस्तूच कालबाह्य होते. रेचेल मेल्टझर यांनी न्यूयॉर्कमधल्या छोट्या व्यवसायांचा अभ्यास २०१६ मध्ये मांडला. त्यात बदलत्या वस्त्यांतले बहुतेक व्यवसाय जागेवर टिकलेले दिसले आणि सरसकट पाहता तिथे व्यवसाय जाण्याचे प्रमाण इतर वस्त्यांपेक्षा जास्त नव्हते. पण काही ठिकाणी नुकसान खरे होते, आणि गेलेल्या दुकानाची जागा रिकामीच राहणे किंवा तिथे वेगळ्याच प्रकारचे दुकान येणे हेही दिसले. म्हणून प्रत्येक बंद शटरला एकच कारण चिकटवू नये, हे मी तरुण सहकाऱ्यांना नेहमी सांगत आले.

पण "गिऱ्हाईक नाही" हे कारण तपासून पाहावे लागते. भरभरून चालणारी दुकानेही जातात. आपल्या कामाची मजुरी वाढवूनही भाडे गाठू न शकणाऱ्या धंद्यांकडे पाहा. चपला दुरुस्त करणाऱ्याची मजुरी नव्या चपलेच्या किमतीपाशी जाऊन अडते. त्यापुढे एक पैसा वाढवला तर लोक नवी चप्पल घेतील. म्हणजे तो किती भाडे देऊ शकतो याची कमाल मर्यादा दूर कुठल्या तरी कारखान्यात ठरलेली असते, त्याच्या कौशल्याने ती हलत नाही. हार्डवेअरवाल्याची अडचण निराळी. खिळे, बिजागऱ्या, नळाचे वायसर असा शेकडो प्रकारचा माल त्याला ठेवावा लागतो. त्यातला बराचसा महिनोन्महिने हलत नाही, पण जागा मात्र अडवतो. दर चौरस फुटाला मिळणाऱ्या उत्पन्नात तो सलूनपुढे किंवा कॅफेपुढे टिकूच शकत नाही. याचा अर्थ वस्तीला तो नको आहे असा होत नाही. नळ गळतो तेव्हा वायसर लागतोच.

याचा शेवट कसा होतो, तेही जेकब्ज यांनी लिहून ठेवले आहे. न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधली एट्थ स्ट्रीट नाना तऱ्हेच्या दुकानांमुळे गजबजली. मग लक्षात आले की दर चौरस फुटाला सर्वांत जास्त पैसा उपाहारगृहे देतात. साहजिकच एकामागून एक गाळे उपाहारगृहांकडे जाऊ लागले आणि बाकीचे धंदे मागे हटू लागले. ज्या वैविध्यामुळे लोक त्या रस्त्यावर यायचे, ते वैविध्य रस्त्याच्या यशानेच खाल्ले. प्रत्येक मालकाने आपापल्या गाळ्यापुरता शहाणपणाचा निर्णय घेतला होता. सगळ्या रस्त्याचा हिशेब मांडणारे मात्र कुणी नव्हते. मला हळहळ वाटते ती याची.

प्रश्न : आमच्या कोपऱ्यावरची तीन दुकाने दोन वर्षांहून जास्त काळ बंद आहेत. मालक भाडे कमी का करत नाही? कमी का होईना, मिळेल ते बरे, असे त्याला वाटत नाही?

घराच्या खोलीचा मालक तसा विचार करील. मोठ्या व्यापारी इमारतीचा मालक वेगळे गणित करतो.

अशा इमारतीची किंमत तिच्यातून येणाऱ्या भाड्यावरून काढतात, आणि कर्ज त्या किमतीवर मिळालेले असते. एक गाळा कमी भाड्याने लिहून दिला की तो आकडा कागदावर पक्का होतो. मूल्यमापन करणारा शेजारच्या गाळ्यांनाही तोच भाव लावतो, बँक प्रश्न विचारते, बाकीचे भाडेकरू तेवढीच सवलत मागतात. गाळा रिकामा ठेवला तर "लवकरच चांगल्या भाड्याने जाईल" असे म्हणत राहता येते. काही कर्जांत ठरावीक भाड्याखाली करार करायचा तर बँकेची संमती घ्यावी लागते. त्यात दुकानांचे करार बहुधा पाच-दहा वर्षांचे असतात. आज कमी भाड्यात अडकण्यापेक्षा मोठ्या साखळी दुकानाची वाट पाहणे मालकाला परवडते. इमारतीच्या वरच्या मजल्यांचे भाडे चांगले येत असेल तर तळमजल्याची घाईच नसते.

परवडत नाही ते रस्त्याला. तीन अंधारी दुकाने लागून असली की संध्याकाळी बायका पलीकडच्या फुटपाथने जातात आणि चौथ्या दुकानाचा धंदा बसतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी मार्च २०२० मध्ये काही व्यापारी रस्त्यांवरच्या दीर्घकाळ रिकाम्या दुकानांवर कर मंजूर केला. तो दुकानाच्या दर्शनी बाजूच्या लांबीवर आकारतात. रस्त्याचे नुकसान त्या दर्शनी बाजूनेच होते, म्हणून मोजमाप मला योग्य वाटते. तुमच्या नगरपालिकेला असा अधिकार नसेल, तर निदान रिकाम्या गाळ्यांची जाहीर नोंद ठेवायची मागणी करा. किती गाळे किती काळ बंद आहेत हे छापून आले की मालकाचे "लवकरच" किती लांबले ते सगळ्यांना दिसते.

प्रश्न : माझे घड्याळदुरुस्तीचे दुकान आहे. वडिलांनी सुरू केले होते. इमारत गेल्या वर्षी एका कंपनीने घेतली. माझा करार पुढच्या वर्षी संपतो, आणि नवे भाडे आताच्या तिप्पट असेल असा तोंडी निरोप आला आहे. मी काय करू?

तुमच्या हातात अजून वर्ष आहे, हे मोठे भांडवल आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक दुकानदार शेवटच्या दोन महिन्यांत यायचे.

पहिली गोष्ट : करार काढा आणि वाचा. सगळा वाचा. कराराच्या नूतनीकरणाचे कलम आहे का, असेल तर ते वापरायची लेखी नोटीस किती महिने आधी द्यायची, हे पाहा. असे कलम असूनही नोटिशीची तारीख हुकल्याने दुकान गेलेले मी पाहिले आहे. इमारत पाडायची किंवा तिची पुनर्बांधणी करायची ठरल्यास करार मध्येच संपवता येईल, अशी ओळ आहे का पाहा. ती असेल तर नवा करार कितीही वर्षांचा मिळाला तरी तो कच्चा आहे. अनामत रक्कम कोणत्या अटीवर परत मिळते आणि तुम्ही केलेल्या फर्निचर-वायरिंगचे काय, तेही पाहा.

दुसरी : तुमच्या देशाचा कायदा काय देतो, ते वकिलाकडून समजून घ्या, कारण यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. इंग्लंडमध्ये १९५४ च्या कायद्याने दुकानदार भाडेकरूला करार संपल्यावर नवा करार मागण्याचा हक्क आहे आणि नकार द्यायला मालकाला कायद्यात लिहिलेलेच कारण दाखवावे लागते. पण हा हक्क आधीच सोडून देता येतो, आणि गाळा हवा म्हणून बरेच जण तसे लिहून देतात. फ्रान्समध्ये व्यापारी करार किमान नऊ वर्षांचा असतो. सर्वसाधारणपणे भाडेकरूला दर तीन वर्षांनी बाहेर पडता येते, आणि मालकाने नूतनीकरण नाकारले तर दुकानदाराला भरपाई द्यावी लागते. न्यूयॉर्कमध्ये १९४५ ते १९६३ या काळात दुकानांच्या भाड्यावर नियंत्रण होते. ते गेल्यावर आजतागायत परत आलेले नाही. तुमच्याकडे यांपैकी कोणत्या टोकाचा कायदा आहे, ते कळल्याशिवाय मालकाशी बोलायला बसू नका.

तिसरी गोष्ट तुमच्या वहीची. गेल्या तीन वर्षांची विक्री मांडा आणि किती भाड्यापर्यंत दुकान चालू राहू शकते तो आकडा काढा. तो स्वतःशी प्रामाणिकपणे काढा आणि वाटाघाटीत त्याच्या वर जाऊ नका. भावनेच्या भरात वाढीव भाडे कबूल करून घरची पुंजी घालवलेली माणसे मला आठवतात. त्यांना कुणी वेळीच थांबवले नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

आता तुमच्या धंद्याबद्दल. लोक घड्याळवाला शोधत येतात. जाता जाता काचेत पाहून कुणी घड्याळ दुरुस्त करून घेत नाही. म्हणजे तुम्हाला दर्शनी गाळा हवाच असे नाही. त्याच इमारतीचा पहिला मजला, मागची बाजू, जिन्याखालची खोली, शेजारच्या गल्लीतली जागा यांचा विचार करा. दुकानाचे नाव आणि रस्ता शक्य तितका तोच ठेवा, म्हणजे जुने गिऱ्हाईक तुटत नाही. मालकाला असेही सुचवता येईल की पुढचा भाग त्याने दुसऱ्याला द्यावा आणि मागचा छोटा भाग तुम्हाला लांब मुदतीने. कंपनीलाही गाळा रिकामा राहण्याची धास्ती असते. दलाली, नव्या भाडेकरूला सजावटीसाठी द्यायचे बिनभाड्याचे महिने, हे सगळे तिच्या हिशेबात असते. तिप्पट हा पहिला निरोप आहे, आणि तोही तोंडी. लेखी मागा.

बोलणी झालीच तर भाड्याच्या आकड्याइतकेच भांडा ते मुदतीसाठी, दरवर्षीची वाढ आधीच ठरवून घेण्यासाठी, आणि इमारत विकायची झाली तरी करार नव्या मालकावर बंधनकारक राहील या ओळीसाठी.

आणि गिऱ्हाइकांना सांगा. पुष्कळ दुकानदार लाजेने शेवटच्या दिवसापर्यंत कुणाला काही कळू देत नाहीत. सॅन फ्रान्सिस्कोत २०१५ पासून तीस वर्षांहून जुन्या व्यवसायांची एक सरकारी नोंदवही आहे. त्यात नाव असलेल्या दुकानाला मालकाने दहा वर्षांचा करार दिला तर मालकालाही अनुदान मिळू शकते. ही योजना मतदारांनी मंजूर केली. लोकांना आपल्या दुकानांची किंमत असते, पण ती संकटात आहेत हे लोकांच्या कानावर घालावे लागते.

प्रश्न : साखळी दुकानांना बंदी घातली तर प्रश्न सुटेल का?

थोडासा. सॅन फ्रान्सिस्कोत अकरा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या दुकानाला वस्तीतल्या व्यापारी रस्त्यांवर यायचे तर खास परवानगी घ्यावी लागते. २००६ मध्ये मतदारांनी तो नियम वस्त्यांमधल्या बाजाररस्त्यांना सरसकट लागू केला. अशा नियमाने रस्ता एकसारखा होत नाही आणि शेजाऱ्यांना सुनावणीत बोलायची संधी मिळते, म्हणून मी त्याच्या बाजूने आहे. पण एकच शाखा असलेले महागडे दुकानही शिंप्याला उठवू शकते. नियम शाखा मोजतो, भाडे मोजत नाही.

प्रश्न : आमच्या रहिवासी मंडळाने खूप खटपट करून पडीक जागेवर बाग मंजूर करून घेतली आहे, फुटपाथही रुंद होणार आहेत. आता काही जण म्हणतात, बाग झाली की भाडी वाढतील आणि आम्हीच बाहेर जाऊ. बाग नकोच म्हणायचे का?

बाग घ्या. गरिबांच्या वस्तीला सावली आणि बसायला जागा मिळू नये, हा उपाय असू शकत नाही.

पण तुमच्या लोकांची भीती खरी आहे. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून जाणाऱ्या बंद पडलेल्या रेल्वेमार्गावर हाय लाइन ही बाग झाली. तिचा पहिला टप्पा २००९ मध्ये उघडला आणि पाहता पाहता दोन्ही बाजूंना महागड्या इमारती उभ्या राहिल्या. बागेतून निर्माण झालेले मोल आजूबाजूच्या जमीनमालकांकडे गेले. कलाकारांच्या बाबतीत न्यूयॉर्कच्याच सोहो भागात हे आधीच घडले होते. १९७१ मध्ये तिथल्या जुन्या कारखान्यांच्या मजल्यांवर कलाकारांना राहायला अधिकृत परवानगी मिळाली. त्यांनी पडीक जागा राहण्याजोग्या केल्या, वस्तीला नाव आले, आणि मग तिथे कलाकारांना जागा परवडेना.

म्हणून बागेच्या आधी जमिनीकडे लक्ष द्या. लंडनमध्ये थेम्सच्या दक्षिण काठावर कॉइन स्ट्रीटच्या रहिवाशांनी ऑफिसांच्या उंच इमारतींच्या योजनेविरुद्ध कित्येक वर्षे लढा दिला आणि १९८४ मध्ये सुमारे तेरा एकर जमीन आपल्या संस्थेच्या नावावर करून घेतली. तिथे सहकारी घरे झाली, उद्यान झाले, कारागिरांसाठी दुकाने झाली. तो परिसर आज शहरातल्या मोक्याच्या जागांपैकी आहे, पण चढलेल्या मोलावर हक्क त्या संस्थेचा आहे. पॅरिसने दुसरी वाट धरली. २००४ पासून तिथल्या पालिकेच्या भागीदारीतल्या कंपनीने ठरावीक वस्त्यांत गाळे विकत घेऊन हव्या त्या धंद्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि २००५ च्या कायद्याने नगरपालिकांना दुकान विक्रीला निघाल्यास आधी स्वतः घेण्याचा अधिकार मिळाला. मोठे शहर हे करते, तसे लहान मंडळ एक-दोन गाळ्यांपुरते करू शकते. वर्गणी, सहकारी पतसंस्था, ट्रस्ट, जे तुमच्याकडे चालत असेल ते वापरा. मात्र ते बागेचा नारळ फुटण्याआधी करा, कारण उद्घाटनानंतर गाळ्याचा भाव तुम्हाला झेपणार नाही.

पालिकेशी बोलताना हेही मागा की, बागेला लागून असलेल्या पालिकेच्या मालकीच्या जागा लिलावात न काढता दुरुस्ती आणि रोजच्या गरजेच्या दुकानांना लांब मुदतीने द्याव्यात. असा ठराव बागेच्या मंजुरीच्या फायलीतच घालून घ्या. नंतरच्या बैठकीवर सोडलेले ठराव मागे पडतात.

तुम्ही बागेचा नकाशा पाठवलात, तो सुंदर आहे, झाडांची निवडही चांगली आहे. पुढच्या पत्रासोबत त्या जागेभोवतीच्या इमारतींच्या मालकांची यादी आणि त्यांतल्या दुकानांच्या करारांच्या मुदती पाठवा. कोणत्या गाळ्यापासून सुरुवात करायची, ते त्यावरून ठरवू.